पीसीचा फॅन किती वेगाने फिरवायचा? फॅन कर्व्ह सेट करण्याची सोपी पद्धत

आपल्यापैकी बहुतेकांची टेक्नॉलॉजीशी ओळख मोबाईलपासून झाली. मोबाईल तापला की आपण काय करतो? गेम बंद करतो, कव्हर काढतो, चार्जर काढून ठेवतो. फॅनचा विषयच येत नाही, कारण बहुतेक मोबाईलमध्ये फॅन नसतो. पण कॉलेजसाठी, व्हिडिओ एडिटिंगसाठी किंवा गेमिंगसाठी पहिल्यांदा डेस्कटॉप घेतला, की दोन गोष्टींपैकी एक होतेच. एक तर कॅबिनेट दिवसभर व्हॅक्यूम क्लीनरसारखं घोंघावतं, नाहीतर मशीन शांत असतं पण गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत अडकायला लागतं.

दोन्हीचं कारण बऱ्याचदा एकच असतं. फॅनची सेटिंग कंपनीने किंवा दुकानदाराने जशी दिली, तशीच राहिलेली असते. अशा वेळी अनेक जण थेट नवा कूलर घेतात आणि दोन-तीन हजार रुपये घालवतात. खरं तर अर्धा तास दिला तर हे काम फुकटात होतं. एकाच खोलीत तुम्ही रात्री प्रोजेक्ट रेंडर करताय आणि शेजारी आजी झोपली आहे, अशी परिस्थिती असेल तर हा अर्धा तास नक्की द्या.

फॅन कर्व्ह म्हणजे काय?

घरातल्या पंख्याला रेग्युलेटर असतो. उकडलं की आपण उठून तो वाढवतो. पीसीमध्ये हेच काम मदरबोर्ड आपोआप करतो. प्रोसेसरमधला सेन्सर तापमान सांगतो, आणि त्या तापमानाला फॅन किती टक्के वेगाने फिरवायचा हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. हा तक्ता आलेखासारखा काढला की आडव्या बाजूला तापमान, उभ्या बाजूला वेग, आणि मधे वर चढत जाणारी रेघ. या रेघेलाच फॅन कर्व्ह म्हणतात. ही रेघ आपल्याला हवी तशी वाकवता येते.

वेग मोजतात आरपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती फेरे. १२० मिलिमीटरचा साधा कॅबिनेट फॅन पूर्ण वेगात साधारण १२०० ते २००० आरपीएम फिरतो. १४० मिलिमीटरचा मोठा फॅन कमी फेऱ्यांतही तेवढीच हवा ढकलतो, म्हणून तो सहसा शांत वाटतो.

वेग थोडा वाढला की आवाज इतका का वाढतो?

हा मुद्दा समजला की पुढचं सगळं सोपं होतं. फॅनचा वेग दुप्पट केला, तर:

- हवा दुप्पट वाहते.
- फॅनला लागणारी वीज जवळजवळ आठपट होते.
- आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो.

डेसिबलचं मोजमाप आपल्या नेहमीच्या बेरजेसारखं नसतं. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे १५ डेसिबल वाढले तर दुपटीपेक्षाही बराच जास्त. हवा मिळाली दुप्पट, आणि कटकट त्याहून जास्त! वीज आठपट झाली तरी बिलाची काळजी नको, कारण असा एक फॅन पूर्ण वेगातही काही वॅटच घेतो. खरा त्रास आवाजाचाच आहे.

आता हेच उलटं बघा. १५०० आरपीएमचा फॅन १२०० वर आणला तर हवा फक्त २० टक्के कमी होते, पण आवाज जवळपास ५ डेसिबलने उतरतो. याच कारणामुळे एक फॅन जोरात फिरवण्यापेक्षा दोन फॅन हळू फिरवणं चांगलं. तसाच दुसरा फॅन जोडल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, पण दोघांचाही वेग निम्मा करता आला तर त्यातून १५ डेसिबल वाचतात.

दुसरी गोष्ट अशी की, हवा दुप्पट केली म्हणून तापमान निम्मं होत नाही. सुरुवातीला वेग वाढवला की तापमान झपाट्याने उतरतं, पण एका मर्यादेनंतर फॅन कितीही पळवला तरी एक-दोन अंशांचाच फरक पडतो. पोह्यांची गरम प्लेट फुंकून थोडी निवते, पण गाल दुखेपर्यंत फुंकलं म्हणून लगेच थंडगार होत नाही, तसंच हे. आपल्याला शोधायची आहे ती हीच मर्यादा.

प्रोसेसर किती तापला तर चालतं?

स्क्रीनवर ७५ अंश सेल्सिअस दिसलं की नवीन माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. प्रत्येक प्रोसेसरची कमाल मर्यादा कंपनीने ठरवलेली असते:

- इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना १०० अंश.
- एएमडी रायझन ५ ७६००एक्सला ९५ अंश.
- रायझन ७ ५८००एक्सला ९० अंश.
- रायझन ७ ७८००एक्स३डीला ८९ अंश.

ही मर्यादा गाठली की प्रोसेसर लगेच जळत नाही. तो स्वतःचा वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. उन्हात मॅप लावून बाईक चालवताना मोबाईल अचानक स्लो होतो, तोच प्रकार. तापमान तरीही वाढतच राहिलं तर पीसी स्वतःहून बंद पडतो. सबमिशनच्या आदल्या रात्री असं झालं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको!

ब्राउझिंग करताना ३५ ते ५५ अंश, गेम खेळताना ६० ते ८० अंश आणि पूर्ण ताकदीने रेंडर करताना मर्यादेच्या ५ ते १० अंश खाली, असं चित्र असेल तर निवांत राहा. रायझन ७०००च्या ‘एक्स’ प्रोसेसरमध्ये मात्र एक खुबी आहे. पूर्ण लोड आला की ते मुद्दाम ९५ अंशांपर्यंत जातात आणि तिथेच राहून शक्य तेवढा वेग काढतात. तिथे फॅन १०० टक्के केला तरी आकडा ९५च दिसू शकतो. तो बिघाड नाही.

आधी पिना मोजा: तीन की चार?

फॅनच्या वायरच्या टोकाला असलेला कनेक्टर बघा.

- तीन पिनांचा फॅन: याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतात. १२ व्होल्टला पूर्ण वेग. व्होल्टेज फार उतरवलं तर हा फॅन बंद पडतो किंवा सुरूच होत नाही.
- चार पिनांचा फॅन: याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या पिनमधून वेगाचा इशारा जातो. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. हा फॅन कमी वेगातही नीट चालतो.

बायोसमध्ये प्रत्येक फॅनपुढे ‘डीसी’ आणि ‘पीडब्ल्यूएम’ असे दोन पर्याय असतात. तीन पिनांच्या फॅनला डीसी निवडा, चार पिनांच्या फॅनला पीडब्ल्यूएम. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. तीन पिनांचा फॅन पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो इशारा वाचूच शकत नाही आणि कायम पूर्ण वेगात फिरतो. “माझा पीसी पहिल्या दिवसापासूनच आवाज करतो” असं म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासा. कित्येकदा एवढ्यावरच काम होतं.

पायरी १: काहीही बदलण्याआधी मोजमाप घ्या

डॉक्टर आधी ताप बघतात, मग औषध देतात. आपणही तसंच करूया. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात प्रोसेसरचं तापमान, ग्राफिक्स कार्डचं तापमान आणि प्रत्येक फॅनचे आरपीएम एकाच ठिकाणी दिसतात.

आता सिनेबेंचसारखी टेस्ट दहा मिनिटं चालवा किंवा तुमचा नेहमीचा जड गेम अर्धा तास खेळा. या तीन गोष्टी वहीत लिहा: रिकामं असताना तापमान, लोडवर सर्वाधिक तापमान, आणि खोलीचं तापमान.

खोलीचं तापमान का? त्याचं उत्तर पुढे उन्हाळ्याच्या भागात मिळेल.

पायरी २: बायोसमध्ये शिरा

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ हे बटण दाबत राहा. मग तुमच्या मदरबोर्डनुसार हे नाव शोधा:

- असूस: क्यू-फॅन कंट्रोल
- गिगाबाइट: स्मार्ट फॅन
- एमएसआय: हार्डवेअर मॉनिटर
- एएसरॉक: फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग

आत गेल्यावर सायलेंट, स्टँडर्ड, फुल स्पीड असे तयार पर्याय दिसतील. नावं बोर्डानुसार थोडी वेगळी असतात. घाई असेल तर स्टँडर्ड ठेवा, काही बिघडत नाही. पण मॅन्युअल निवडलंत तर खरी मजा आहे.

ऑफिसमधून निघालेले सेकंड हँड डेल, एचपी किंवा लेनोवोचे पीसी आपल्याकडे बरेच जण घेतात. त्यांच्या बायोसमध्ये कर्व्ह सहसा मिळतच नाही. फार तर किमान वेग वाढवायचा एखादा पर्याय असतो. अशा मशीनला साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट हाच खरा इलाज.

पायरी ३: तुमचे दोन आकडे शोधा

यूट्यूबवर कोणीतरी दाखवलेला कर्व्ह जसाच्या तसा उचलू नका. त्याचा कूलर वेगळा, कॅबिनेट वेगळं, खोलीही वेगळी. स्वतःचे दोन आकडे स्वतःच काढा.

*पहिला आकडा, कानाचा:* रात्री सगळं शांत असताना फॅन ३० टक्क्यांवर ठेवा. मग ५-५ टक्क्यांनी वाढवत जा. तुम्ही जिथे बसता (किंवा घरातलं माणूस जिथे झोपतं) तिथे ज्या टक्क्याला आवाज खुपायला लागतो, तो लिहून ठेवा. काही फॅन एखाद्या ठरावीक वेगालाच कॅबिनेटसह गुणगुणतात. तो वेगही टिपून ठेवा आणि कर्व्हमध्ये फॅन तिथे रेंगाळणार नाही असं बघा.

*दुसरा आकडा, तापमानाचा:* तीच दहा मिनिटांची टेस्ट फॅन ४०, ६०, ८० आणि १०० टक्क्यांवर ठेवून चार वेळा करा. समजा आकडे असे आले: ८८, ७९, ७६, ७५. इथे ४० वरून ६० वर गेल्यावर ९ अंश कमी झाले, पण ६० वरून थेट १०० वर जाऊनही फक्त ४ अंशच उतरले. म्हणजे या मशीनसाठी ६० ते ७० टक्के पुरेत. त्यापुढे नुसता आवाज विकत घ्यायचा.

पायरी ४: कर्व्ह काढा

साधा टॉवर कूलर असलेल्या, ९५ किंवा १०० अंश मर्यादेच्या प्रोसेसरसाठी सुरुवात अशी करता येईल:

- ४० अंशांपर्यंत: ३० टक्के
- ५५ अंशांना: ४० टक्के
- ७० अंशांना: ५५ टक्के
- ८० अंशांना: ७५ टक्के
- ९० अंशांना: १०० टक्के

यामागचा विचार समजून घ्या. ५५ अंशांपर्यंत तुम्ही टायपिंग, ब्राउझिंग, ऑनलाइन लेक्चर करत असता, तिथे शांतता महत्त्वाची. म्हणून रेघ जवळजवळ सपाट ठेवली. ५५ ते ७५ मध्ये गेमिंग येतं. त्या वेळी हेडफोन असतो किंवा गेमचा आवाज असतो, म्हणून थोडा आवाज चालतो. ८०च्या पुढे मशीनची सुरक्षितता आधी, कानाचा विचार नंतर. शेवटचा बिंदू तुमच्या प्रोसेसरच्या मर्यादेच्या किमान ५ अंश खाली हवा. ७८००एक्स३डी असेल तर १०० टक्क्यांचा बिंदू ८२-८३ अंशांवर आणा आणि मधले बिंदूही त्याच हिशोबाने थोडे अलीकडे घ्या.

मधल्या आकड्यांच्या जागी पायरी ३ मधले तुमचे आकडे बसवा. कानाचा आकडा ५० टक्के निघाला असेल, तर ६५ अंशांपर्यंत रेघ ५०च्या खाली राहील असं बघा.

फॅन सारखा वर-खाली होतोय?

ही सगळ्यात डोकं उठवणारी तक्रार. ब्राउझर उघडला की भर्रर्र, दोन सेकंदांनी शांत, पुन्हा भर्रर्र. एकसारखा आवाज कान थोड्या वेळाने विसरतो, पण बदलता आवाज विसरत नाही.

याचं कारण असं की, आताचे प्रोसेसर छोट्या कामालाही क्षणभर पूर्ण ताकद लावतात. त्यामुळे तापमान क्षणात १०-१५ अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं. कूलरचा धातू मात्र एवढ्या वेळात तापलेलाच नसतो. म्हणजे फॅन उगाचच धावतो. यावर उपाय दोन:

१. ६० अंशांच्या आतली रेघ सपाट ठेवा, म्हणजे उडी आली तरी वेग फारसा बदलणार नाही.
२. बायोसमध्ये ‘स्टेप अप’ आणि ‘स्टेप डाउन’ असे वेळेचे पर्याय असतील तर ते वाढवा. काही बोर्डांवर ‘टेम्परेचर इंटर्व्हल’ असा पर्याय असतो, तो ३ ठेवून बघा. मग तापमान तेवढे अंश बदलेपर्यंत फॅन जागचा हलत नाही.

कॅबिनेटचे फॅन कोणाचं ऐकतात?

प्रोसेसरचा फॅन प्रोसेसरचं तापमान बघतो, हे ठीक. पण गेमिंगमध्ये जास्त उष्णता सोडतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसला त्याचं तापमान दिसत नाही. मग कार्ड तापतंय आणि कॅबिनेटचे फॅन आरामात, असं होतं.

इथे ‘फॅन कंट्रोल’ नावाचं विंडोजचं मोफत सॉफ्टवेअर कामाला येतं. त्यात कॅबिनेटच्या फॅनला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांपैकी जे जास्त तापेल त्याचं ऐकायला सांगता येतं. दिवसाची आणि रात्रीची अशा दोन वेगळ्या सेटिंगही सेव्ह करता येतात. फक्त दोन काळज्या घ्या. बायोसमध्ये एक सुरक्षित कर्व्ह आधी ठेवून द्या, आणि एकाच फॅनवर दोन सॉफ्टवेअरना हक्क देऊ नका, नाहीतर दोघांच्या भांडणात फॅन गोंधळतो.

सॉफ्टवेअर नको असेल तर कॅबिनेटचे फॅन ४०-५० टक्क्यांवर कायमचे ठेवून द्या. मोठे फॅन, ठरलेला वेग, एकसारखा हलका आवाज. बऱ्याच घरांत हेच उत्तम चालतं.

ग्राफिक्स कार्डचे फॅन रिकाम्या वेळी फिरतच नसतील तर घाबरू नका. अनेक नवीन कार्डं साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत फॅन बंदच ठेवतात. लिक्विड कूलर असेल तर पंपाचा वेग मात्र कमी करायच्या फंदात पडू नका. तो कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवा आणि फक्त रेडिएटरच्या फॅनचा कर्व्ह बदला.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका

कूलर खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही. खोली जितकी तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरच्या तापमानात वाढतात. म्हणजे जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत लोडवर ७० अंश दाखवणारा पीसी, मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८६ च्या आसपास जाईल. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागात बाहेरचा पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत काय होत असेल याचा अंदाज करा.

म्हणून थंडीत सेट केलेला कर्व्ह मार्चच्या शेवटी पुन्हा तपासा. पायरी १ मध्ये खोलीचं तापमान लिहायला सांगितलं ते याचसाठी. त्या दिवशी लोडवरचा आकडा आणि खोलीचं तापमान यांत जो फरक होता, तो उन्हाळ्यातल्या तापमानात मिळवा. बेरीज मर्यादेच्या जवळ जात असेल तर आत्ताच मधले बिंदू ५-१० टक्क्यांनी वर घ्या.

धुळीचंही तसंच. फिल्टर आणि कूलरच्या पट्ट्यांत धूळ साचली की तेवढ्याच थंडाव्यासाठी फॅनला जास्त पळावं लागतं. महिन्यातून एकदा फिल्टर झटका आणि दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पीसी बंद, वायर काढलेली आणि फॅनचं पातं बोटाने धरलेलं हवं, नाहीतर हवेच्या झोताने फॅन त्याच्या क्षमतेबाहेर फिरतो. आणि पीसी भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवला असेल, तर कोणताच कर्व्ह तुम्हाला वाचवू शकणार नाही!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फॅन कायम १०० टक्क्यांवर ठेवला तर नुकसान होतं का?*
लगेच काही होत नाही, पण बेअरिंग लवकर झिजतं, धूळ जास्त ओढली जाते आणि आवाज तर आहेच. फायदा मात्र दोन-चार अंशांचा.

*वेग कमी केल्यावर सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ दिसतो. काय करू?*
बोर्डाने ठरवलेल्या किमान आरपीएमच्या खाली फॅन गेला की हा इशारा येतो. आधी कॅबिनेट उघडून फॅन खरंच फिरतोय ना आणि योग्य जागी जोडलाय ना ते बघा. फिरत असेल तर किमान वेग ५ टक्क्यांनी वाढवा. तो इशारा कायमचा बंद करून टाकू नका. उद्या फॅन खरंच बंद पडला तर तोच तुम्हाला सांगणार आहे.

*कर्व्ह बदलूनही तापमान ९५च्या खाली येत नाही.*
मग दोष फॅनच्या वेगात नाही. धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट, कूलरचा सैल स्क्रू, नवीन कूलरवर तसाच राहिलेला प्लास्टिकचा कागद, या क्रमाने तपासा. तरीही फरक पडला नाही, तर नवा कूलर घ्यायचा विचार करा.

*चुकीची सेटिंग केली तर पीसी जळेल का?*
आताचे प्रोसेसर मर्यादेला स्वतःच वेग कमी करतात. काही गडबड वाटली तर बायोसमध्ये जाऊन डिफॉल्ट सेटिंग परत आणा. फक्त प्रोसेसरचा फॅन शून्यावर ठेवायचा प्रयोग करू नका.

थोडक्यात

पिना बघून योग्य मोड निवडा, मोजमाप घ्या, कानाचा आणि तापमानाचा आकडा काढा, कमी तापमानाला सपाट आणि जास्त तापमानाला चढती रेघ ठेवा. बदलानंतर दहा मिनिटांची टेस्ट पुन्हा चालवा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. उन्हाळा सुरू झाला की हीच वही परत उघडा.

तुमच्या ओळखीत कोणी पीसीच्या आवाजाला वैतागून नवा कूलर घ्यायला निघालं असेल, तर त्याला आधी हा लेख पाठवा. त्याचे दोन-तीन हजार वाचले, तर चहा त्याच्याकडून नक्की घ्या!